डॉलरचा भाव आणि जातीचे नाणे

परदेशी स्थायिक झालेला आपला पांढरपेशा वर्ग तीन विषयांवर अथक बोलत असतो. रुपयाचा भाव, आपल्या माणसांचा विनोद आणि चारचौघांत काय बोलावे, काय बोलू नये याविषयीची तिकडची रीत. या रीतीला तो पॉलिटिकल करेक्टनेस म्हणतो. स्वतःच्या बाबतीत ती त्याला हवी असते, दुसऱ्याच्या बाबतीत ती जाच वाटते. माझे म्हणणे असे की, हे तीन वेगळे विषय नाहीत. नाणे असो, विनोद असो वा शब्द, त्याचा विनिमय होतो. आणि प्रत्येक विनिमयात किंमत मोजणारा कोणीतरी असतो. तो कोण, हा प्रश्न विचारला की या वर्गाच्या संस्कृतीचा खरा चेहरा दिसू लागतो.

हा प्रश्न विचारायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आपल्याकडे अभिमानाने मिरवला जातो, वाचला मात्र कमी जातो. रुपया घसरला की निर्यात वाढते, म्हणून राष्ट्राचा लाभ होतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले होते. त्यांच्या मांडणीचे सार असे : हा लाभ बाहेरून आलेला नसतो. भाव चढतात, मजुरी मात्र त्यामागे रखडत राहते आणि एका वर्गाच्या ताटातले दुसऱ्या वर्गाच्या ताटात पडते. चलनाच्या गणितात त्यांनी राष्ट्र नावाच्या धूसर शब्दाआडचा मजूर शोधून काढला. ही दृष्टी अर्थशास्त्रापुरती ठेवण्याचे कारण नाही.

आता परदेशस्थ भारतीयाकडे पाहा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांचा झाला. जुलै १९९१ मध्ये पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. २०२२ साली डॉलरने ८० रुपयांची पायरी ओलांडली. रुपयाच्या प्रत्येक घसरणीला या वर्गाने दोन तोंडांनी उत्तर दिले आहे. एक तोंड देशाच्या अब्रूबद्दल हळहळते. दुसरे तोंड, पैसे आज पाठवावेत की आठ दिवसांनी, याचा हिशेब करते. हिशेब करण्यात पाप नाही. पण देशाची लाज आणि स्वतःचा नफा एकाच दरातून निघत असताना, गावाकडे तेल आणि डाळ महाग घेणाऱ्या शेतमजुरिणीची आठवण या संभाषणात येत नाही, ही गोष्ट नोंदवली पाहिजे.

परदेशस्थ म्हटला की तो डॉलरवाला, हेही एक सोयीचे चित्र आहे. आखाताचा इतिहास वेगळे सांगतो. एके काळी तिथल्या कित्येक संस्थानांत भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आपला दिनार आणला आणि १९६६च्या अवमूल्यनानंतर दुबई, कतार यांनीही रुपयाची साथ सोडली. रुपया गेला, माणूस मात्र जातच राहिला. कोकणातला, तेलंगणातला, केरळातला कामगार तिथे सिमेंट वाहतो आणि घरी पैसे धाडतो. २०२२ या एका वर्षात परदेशांतून भारतात आलेली रक्कम १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा अधिक. तिच्यात या कामगाराचा घाम आहे. पण अनिवासी भारतीयांच्या कौतुकसोहळ्यात व्यासपीठावर तो दिसत नाही. दर त्यालाही तोच मिळतो, मान मात्र तोच मिळत नाही.

ब्रिटनमधील एका न्यायाधिकरणापुढे आलेले प्रकरण या संदर्भात विसरता येत नाही. भारतातून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीला तिचे भारतीय वंशाचे मालक तासाला अवघे ११ पेन्स देत होते. २०१५ साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि थकलेल्या मजुरीपोटी तिला १,८०,००० पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. ११ पेन्सना कोणत्याही भावाने गुणा, त्याची मजुरी होत नाही. इंग्लंडच्या भूमीवर, पौंडाच्या राज्यात, तिच्या श्रमाचा दर जुन्या वाड्यातल्याच मापाने ठरत होता.

आता विनोद. अमेरिकेतील 'द सिम्प्सन्स' या चित्रमालिकेत १९९० साली अपू नावाचा भारतीय दुकानदार अवतरला. नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेले. आडनाव असे की उच्चारताना गोऱ्या प्रेक्षकाला हसू यावे. त्याला आवाज एका गोऱ्या नटाने दिला. तिथे वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत या पात्राच्या हेलावरून चिडवले गेले. २०१७ साली हरी कोंडाबोलू या विनोदकाराने यावर माहितीपट केला आणि जानेवारी २०२० मध्ये त्या नटाने अपूला आवाज देणे थांबवल्याचे जाहीर केले. मी हा निषेध संपूर्ण न्याय्य मानतो. ज्याच्या उच्चारावर जग हसते त्याची मान वर्गात कशी खाली जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या बोलीवर, आडनावावर, डब्यातल्या कालवणावर असे हसणे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे.

आणि नेमका इथेच माझा वाद आहे. अपूमुळे घायाळ झालेला हाच वर्ग आपल्या स्नेहसंमेलनात राखीव जागांवरचे विनोद टाळ्या देत ऐकतो. सरदारजींच्या अकलेवर हसतो, मोलकरणीच्या शुद्धलेखनावर हसतो. कोणी हरकत घेतली तर त्याला विनोदबुद्धी नसल्याचा दाखला मिळतो आणि हल्ली साधी थट्टाही करता येत नाही, असा सुस्कारा ऐकू येतो. गोऱ्याने केलेली थट्टा वंशद्वेष आणि आपण केलेली थट्टा राष्ट्रीय विनोद, हा कुठला दर?

राष्ट्रीय विनोद ही संज्ञाच तपासली पाहिजे. इंग्रज स्वतःवर हसतो म्हणून त्याचे कौतुक होते. पण ज्याच्या पाठीशी साम्राज्य उभे होते त्याला स्वतःवर हसणे परवडते. त्यात त्याचे काही जात नाही. ब्रिटनमधील आशियाई कलावंतांनी १९९८ साली बी.बी.सी.च्या 'गुडनेस ग्रेशस मी' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही बाजू उलटी केली. मुंबईतल्या इंग्रजी खाणावळीत शिरून अगदी मिळमिळीत पदार्थ मागणारे भारतीय त्यांनी दाखवले आणि लंडनच्या भारतीय खाणावळीत धिंगाणा घालणाऱ्या गोऱ्याला आरसा दाखवला. आपल्या वगातला सोंगाड्या वेगळे काय करतो? तो राजाला, पाटलाला, प्रधानाला खाली खेचतो. जिथे हसणे खालून वर जाते तिथे माणूस मोकळा होतो. जिथे ते वरून खाली येते तिथे विनोद नसतो, वेठ असते. ही कसोटी अपूला लागते, तशी आपल्या संमेलनालाही लागते.

राहिला शब्द. शब्दांचे भान म्हणजे पाश्चात्त्यांचे नवे सोवळे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास ठाऊक नाही. 'हरिजन' हे वरून लादलेले नाव नाकारून १९३८ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या विधिमंडळातून उठून गेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत घरे जळाली, माणसे मेली. २०१८ साली प्रसारमाध्यमांनी 'दलित' हा शब्द टाळावा, अशी सूचना केंद्र सरकारने काढली. आपण स्वतः निवडलेला शब्दही असा सुरक्षित नाही. शब्दाची किंमत रक्ताने मोजलेल्या समाजाला ही सभ्यतेची फॅशन वाटणे शक्य नाही.

परदेशस्थ सवर्णाला मात्र सभ्य शब्दांची सगळी यादी पाठ असते. त्या यादीत एक शब्द आला की त्याचा सूर बदलतो. तो शब्द जात. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात जातीसाठी जागा ठेवली गेली, २०१३ साली संसदेने ती भरण्याचे बंधन सरकारवर घातले आणि २०१८ साली सरकारने माघार घेतली. अमेरिकेत सिएटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते, प्रचलित कायदे पुरेसे आहेत, असे सांगून परत पाठवले.

या कायद्यांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, यामुळे एकाच समाजाकडे बोट दाखवले जाते. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. परक्या देशात अल्पसंख्य असण्याची भीती खरी असते. पण जातीचा जाच भोगणारा त्याच अल्पसंख्याकांतला अल्पसंख्य आहे, त्याच्या भीतीचे काय? आणि जात तिकडे नाहीच, असे म्हणावे तर २००९ साली व्हिएन्नातील रविदासिया समाजाच्या मंदिरात संत रामानंदांची हत्या का झाली? ब्रिटनमधले रविदासी, वाल्मीकी, आंबेडकरवादी इतकी वर्षे हा कायदा का मागत आहेत?

या वर्गाने घर बदलले, पारपत्र बदलले, नाव तोडून सोपे केले, रुपयाचे डॉलर केले. जातीचे नाणे मात्र त्याने कोणत्याही खिडकीवर बदलून घेतले नाही. ते आतल्या खिशात जपून ठेवले आणि लग्नाच्या जाहिरातीत, भाड्याच्या खोलीत, नोकरीच्या शिफारशीत ते आजही वटते.

म्हणून शिष्यवृत्तीवर बाहेर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. अपूसाठी आवाज उठवा, आखातातल्या मजुराच्या बुडालेल्या पगारासाठीही उठवा. आणि ज्या सभेत तुमच्या जातीची चौकशी आडवळणाने होईल, तिथे चौकशी करणाऱ्यालाच विचारा : आपण जिच्यासाठी इथे भांडता ती समानता आपल्या घरात काय भावाने चालते?