श्रमदान आणि समानत्तता

श्रीलंकेतील सर्वोदय श्रमदान चळवळीविषयी जोॲना मेसी यांनी लिहिलेला ‘धर्म अँड डेव्हलपमेंट’ (१९८३) हा ग्रंथ धर्माधिष्ठित ग्रामसंघटनेचा अत्यंत सहृदय वृत्तान्त होय. १९७९-८० मध्ये चळवळीत राहून त्यांनी तो सिद्ध केला. पालीच्या अभ्यासकाने मात्र तो मूळ सुत्ते शेजारी ठेवून वाचावा, असे आम्हांस वाटते.

चळवळीचा आरंभ १९५८ चा. कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील शिक्षक ए. टी. आरियरत्ने (१९३१–२०२४) विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव या गावी गेले. ही वस्ती रोडियांची, म्हणजे सिंहली समाजाने बहिष्कृत मानलेल्या जातीची होती. ज्या देशात १७५३ मध्ये स्थापन झालेल्या सियाम निकायाची उपसंपदाही गोयिगम जातीपुरती मर्यादित झाली, तेथे रोडियांसमवेत राहणे, जेवणे व खोदकाम करणे हे कृतीने केलेले धम्मप्रवचनच होते.

चळवळीने दान, पियवाचा, अत्थचरिया व समानत्तता ही चार संगहवत्थू शिबिराचा आचारधर्म म्हणून स्वीकारली. दान श्रमाचे झाले. सर्वांनी परस्परांस दादा, ताई म्हणून संबोधावे, ही पियवाचा झाली. समानत्ततेचे काय झाले? अट्ठकथा या पदाचा अर्थ सुखदुःखात समान असणे असा करते. शिबिरात ते साधते. परंतु शिबिर संपल्यावर जमीनदार आपल्या शेतावर आणि भूमिहीन त्याच्या बांधावर परततो. दोघांनी मिळून बांधलेल्या रस्त्याने माल मात्र एकाचाच बाजारी जातो. सुत्तात या पदाला ‘यथारहं’, म्हणजे यथायोग्य, अशी जोडही आहे. जुनी उतरंड तिच्याच आडोशाने टिकू शकते.

याहून गंभीर प्रश्न समुदयाचा आहे. चळवळीने चार आर्यसत्ये गावाला लागू केली: गावाची अवनती हे दुःख, लोभ, अहंकार व अज्ञान हे त्याचे कारण. नवा अर्थ लावणे हा आमच्या मते दोष नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयीच प्रश्न उपस्थित केला होता. परंतु दारिद्र्याची मीमांसा करावयाची, तर चक्कवत्तिसीहनाद सुत्त दृष्टीआड करता येत नाही. त्यात राजा धनहीनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते; दारिद्र्यातून चोरी, शस्त्र आणि हत्या येतात. तेथे प्रथम दोष राज्यकर्त्याचा आहे, तृष्णाग्रस्त ग्रामस्थाचा नव्हे. कूटदन्त सुत्तातील पुरोहितही शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास वेतन देण्यास सांगतो; गरिबांनी आपले श्रम दान करावेत, असे तो सांगत नाही.

मेसी यांनी धर्म ही विकासाची साधनसंपत्ती म्हणून पाहिली. तीच दृष्टी ग्रंथाचे बळ आहे आणि तीच त्याची मर्यादा. साधनसंपत्ती कामास लावता येते. धम्म त्याखेरीज न्यायही मागतो. श्रमदानाने गावाला आत्मविश्वास दिला, हे ऋण मोठे आहे. तथापि कुदळ हाती घेतलेल्या भूमिहीनाने ‘ही जमीन कोणाची?’ असे विचारले, तर त्या प्रश्नास पियवाचेचा भंग न मानता समानत्ततेचा आरंभ मानावा. विहाराच्या आश्रयाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संघटनेची कसोटी, आमच्या मते, येथेच लागते.