परिया, बहिष्कृत आणि शनवार तेली

आरंभीच्या समाजशास्त्रज्ञांनी ज्यूंविषयी जे लिहिले, त्यात शास्त्र किती आणि पूर्वग्रह किती, हा प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. तथापि केवळ पूर्वग्रहाचे माप घेऊन मूळ दोष हाती लागत नाही. मॅक्स वेबर ज्यूद्वेष्टा नव्हता. १९०८ मध्ये हायडेलबर्ग येथील अध्यासनावर गेओर्ग झिमेल या ज्यू वंशाच्या विद्वानाची नेमणूक व्हावी म्हणून त्याने खटपट केली होती. असे असूनही त्याने ज्यूंना लावलेली ‘परिया लोक’ ही संज्ञा चिकित्सेस पात्र ठरते. कारण येथे दोष वृत्तीत नसून शब्दयोजनेत आहे.

हा शब्द मूळचा तमिळ. ‘परै’ म्हणजे ढोल, आणि त्यावरून एका जातीचे नाव, अशी त्याची रूढ व्युत्पत्ती आहे. पोर्तुगीजांच्या द्वारे तो युरोपीय भाषांत गेला आणि तेथे ‘कोणीही झिडकारलेला मनुष्य’ असा त्याचा अर्थविस्तार झाला. १९१७ ते १९१९ या काळात प्रसिद्ध झालेल्या प्राचीन यहुदी धर्मावरील लेखमालेत वेबरने त्याला शास्त्रीय संज्ञेचे रूप दिले. परिया लोक म्हणजे भोवतालच्या समाजापासून विधिनियमांनी विलग झालेला समूह, असे त्याचे लक्षण. आणि ज्यूंच्या बाबतीत हे विलगीकरण मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या धर्मनियमांतून आले, असे त्याचे प्रतिपादन. परिणामी, इतरांच्या तिरस्कारातून ज्या शब्दाला अर्थ आला, तोच शब्द तिरस्कृताच्या आचाराचे वर्णन करू लागला. याउलट एमिल दुर्खिमने १८९७ च्या ‘आत्महत्या’ या ग्रंथात ज्यूंच्या अंतर्गत ऐक्याचे कारण शेजाऱ्यांच्या दीर्घकालीन वैरात शोधले होते. कारण समूहात शोधावयाचे की समूहाच्या परिस्थितीत, हाच वादाचा गाभा होय.

वेबरने स्वतः एक महत्त्वाचा भेद नोंदविला आहे: ज्यू परिया झाले ते जातिविरहित परिसरात. मग जातिबद्ध परिसरात राहिलेल्या ज्यूंचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर कोकणात आहे. जुईनगरहून लोकलने पनवेलला उतरावे, तर तेथे १८४९ चे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. आणि त्यापलीकडे अलिबागजवळचे नवगाव, जेथे आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल परंपरेने सांगतात. घाण्यावर तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. या समासाची घटना पाहण्यासारखी आहे. ‘तेली’ हे विशेष्य, ‘शनवार’ हे विशेषण: धंद्याने व्यक्ती गावगाड्यात बसते आणि धर्माचरणाने वेगळी ओळखू येते. किहीमकर, दिवेकर, पेणकर ही आडनावे, घरातील मराठी, एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा मलिदा आणि एकोणिसाव्या शतकात रचलेली मराठी कीर्तने हेच दर्शवितात. सुंता आणि शब्बाथ पाळूनही हा समाज बहिर्भूत झाला नाही.

हे चित्र निर्दोष मानण्याचे मात्र कारण नाही. गावाच्या उतरंडीत तेल्याचे स्थान वरचे नव्हते. आणि खुद्द बेने इस्रायलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होऊन त्यांचा परस्परांत बेटीव्यवहार होत नसे. म्हणजे जातीने त्यांना बाहेर टाकले नाही, तर आपल्या घडणीत ओढून घेतले. विलगता आणि बहिष्कार या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘परिया’ ही संज्ञा त्या एक करून टाकते.

अशी गल्लत केवळ युरोपीयांनीच केली असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे अध्वर्यू गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले, तेव्हाही लहान समूहाची व्याख्या मोठ्या समूहापासूनच्या त्याच्या अंतरानेच झाली. त्या समूहाने स्वतःविषयी काय म्हटले, याला अशा व्याख्येत जागा उरत नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरमधील वर्णन मात्र १८८३ सालीच मुद्रित झाले होते. अभ्यासकांपुढे कोणते शब्द आधी आले, हे यावरून उघड होते.

या संज्ञेचे मराठी भाषांतर करताना तर अधिकच सावध राहिले पाहिजे. ‘परिया’ला ‘बहिष्कृत’ हा प्रतिशब्द सहज सुचतो; परंतु तो समानार्थी नाही. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी धातुसाधित आहे, आणि त्यामुळे बहिष्कार घालणारा कर्ता त्यात अध्याहृत राहतो. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, तेव्हा हा अध्याहृत कर्ताच समाजापुढे उभा केला. वेबरच्या संज्ञेतून नेमका तोच लोपला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ‘अल्पसंख्याक’ हा शब्द गणनेचा आहे, दोषारोपाचा नाही; इतपत ही प्रगतीच म्हणावयाची. परंतु संख्या सांगून संबंध सांगितला जात नाही. समूहाला नाव देताना ते कोणी दिले आणि त्यात कोणाचे कर्तृत्व झाकले गेले, हे विचारणे शास्त्राचे पहिले कर्तव्य आहे. या कसोटीला कोकणातील खेडुताचा शब्द हायडेलबर्गच्या आचार्याच्या शब्दापेक्षा अधिक उतरतो.