अध्यक्षांच्या खुर्चीतले न्यायाधिकरण

सुभाष देसाई खटल्यातील ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने सत्ताविभाजनाची मर्यादा पाळली, असा एक समज आहे. राज्यपालांनी बहुमत चाचणीस पाचारण करणे समर्थनीय नव्हते आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती, हे न्यायालयाने स्वच्छ शब्दांत सांगितले. आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न मात्र ‘वाजवी मुदतीत’ निकाली काढा, एवढे सांगून विधानसभाध्यक्षांकडे सोपवला.

माझा आक्षेप या शेवटच्या भागाला आहे. दहाव्या परिशिष्टाखाली निर्णय देताना अध्यक्ष हे न्यायाधिकरण असतात, असे याच न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहन खटल्यात ठरवले होते. मग त्यांच्याबाबत हात आखडता घेणे हा विधिमंडळाच्या स्वायत्ततेचा आदर कसा? दोन शाखांची कामे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनेच एका खुर्चीत बसवली. बहुमताच्या पाठिंब्यावर टिकणारे अध्यक्ष अशा वादात निष्पक्ष कसे राहणार, ही शंका १९९२ च्याच निकालातील अल्पमताने घेतली होती. ते मत आज पुन्हा वाचण्यासारखे आहे.

कारण पुढे घडले ते असे. जून २०२२ मध्ये अध्यक्षपद रिकामे होते. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ आमदारांना उत्तरासाठी जेमतेम दोन दिवस दिले. न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि त्याच याचिकांच्या निकालाला १० जानेवारी २०२४ उजाडले; तेही न्यायालयाने अखेर तारीख बांधून दिल्यावर. दोन्ही गटांतले कोणीच अपात्र ठरले नाही. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण एकाच खुर्चीला आधी इतकी घाई आणि नंतर इतकी सवड! मधली दीड वर्षे हेच आमदार सभागृहात मते देत होते, त्यांतले काही तर मंत्रिमंडळात होते.

न्यायालयाने स्वतःच अपात्रता ठरवायला हवी होती, असे मी म्हणत नाही. ते खरेच अतिक्रमण झाले असते. पण मधली वाट उपलब्ध होती. मणिपूरच्या केशम मेघचंद्र सिंह खटल्यात, २०२० मध्ये, तीन सदस्यांच्या पीठाने एरवी तीन महिने पुरेत असे म्हटले होते आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले होते. तो तीन महिन्यांचा आकडा २०२३ च्या निकालपत्रात आदेश म्हणून उतरला असता, तर ऑगस्टमध्येच निर्णय द्यावा लागला असता.