टेबल, कपाट आणि लॅपटॉपची मेमरी

संगणकाची ओळख करून देताना एक दृष्टांत हमखास दिला जातो. मेमरी म्हणजे कामाचे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. टेबल जितके मोठे, तितके काम झटपट. शाळेतल्या जुन्या लॅपटॉपला किती मेमरी वाढवावी असा प्रश्न निघाला, की याच दृष्टांताच्या आधारे ‘बसेल तेवढी बसवा’ असे उत्तर मिळते. आमची तक्रार या उत्तराविषयी आहे. पण त्याचे मूळ दृष्टांतात आहे.

दृष्टांत चुकीचा नाही. मात्र टेबल आणि कपाट यांच्यातले अंतर तो सांगत नाही. थोडे गणित करू. मेमरीतून माहिती उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचनशीर्ष जागेवर नेण्याचा वेळही धरला, तर एका वाचनाला १० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. प्रमाण झाले निदान एकास एक लाख. टेबलावरचा कागद उचलायला १ सेकंद लागत असेल, तर कपाटातला आणायला १ लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील! मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाऊन परत यावे, इतका हा वेळ आहे. कपाट खोलीत नाहीच, ते परगावी आहे.

हे अंतर ध्यानात घेतले की प्रश्नाचे रूपच बदलते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली एक कल्पना मांडली. कोणतीही आज्ञावली आपल्या सर्व माहितीला एकाच वेळी हात लावत नाही. थोड्या काळात ती ठराविक पानेच पुन:पुन्हा चाळते. या पानांच्या समूहाला आपण ‘कार्यसंच’ म्हणू. तो मेमरीत मावला नाही, तर एक पान आणण्यासाठी दुसरे बाहेर टाकावे लागते आणि लगेच तेच परत हवे असते. डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो, पडद्यावरचा बाण हलेनासा होतो. कार्यसंच मावला, की हा त्रास थांबतो. म्हणजे मेमरीचा फायदा उतारासारखा नसून पायरीसारखा आहे. समजा, आपल्या कामाला ऐन भरात ३.२ गिगाबाइट लागतात. मग २ गिगाबाइटांवर यंत्र रडेल, ४ वर चालेल, आणि ४ चे ८ केल्यावर फरक शोधावा लागेल.

म्हणून खरेदीआधी मोजावे. नेहमीची सर्व कामे एकदम उघडावीत आणि ‘टास्क मॅनेजर’मध्ये किंवा लिनक्सवर ‘फ्री’ या आज्ञेने ‘उपलब्ध’ मेमरीचा आकडा पाहावा. ‘रिकामी’ या आकड्यावर जाऊ नये. डिस्कवरून एकदा आणलेली माहिती मोकळ्या जागेत ठेवून देणे हा शहाणपणाच असतो, त्यामुळे रिकामी जागा नेहमीच कमी दिसते. पुष्कळांची घबराट इथूनच सुरू होते.

‘बसेल तेवढी’ हेही वाटते तितके सरळ नाही. ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४,२९,४९,६७,२९६ बाइटच, म्हणजे ४ गिगाबाइट दाखवता येतात, आणि त्यांतले काही पत्ते चित्रपत्रिकेसारख्या उपकरणांकडे जातात. २००६ साली आलेल्या ‘थिंकपॅड टी६०’मध्ये ४ गिगाबाइट बसतात, पण वापरता येतात सुमारे ३ च; त्याची इंटेल ९४५ चिपच तशी असल्याने ६४ बिटांची प्रणाली घालूनही उपयोग नाही. शिवाय डीडीआर२ च्या खाचेत डीडीआर३ ची पट्टी बसत नाही, हे दुकानात जाण्यापूर्वी पाहिलेले बरे.

कधीकधी पैसे दुसरीकडे घालणे फायद्याचे असते. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, तर आपल्या हिशेबातले २८ तास साधारण १७ मिनिटांवर येतात. कपाट निदान गावात येते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट मेमरी लागते, पण सोबत टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही लागतो. मेमरी वाढवून या दोन उणिवा भरून निघत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालायचे ठरले, तर मोजमापही त्याच लिनक्सवर नव्याने करावे लागेल.