हेस्टरची सुई

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (1850) या कादंबरीतली हेस्टर प्रिन बॉस्टनच्या वेशीबाहेर, समुद्राकाठच्या एका लहानशा घरात राहते. व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल 'ए' वागवते आणि भरतकामावर पोट भरते. तिची नक्षी गव्हर्नरच्या गळ्याच्या झालरीवर दिसते, तान्ह्या बाळाच्या टोपड्यावर दिसते, प्रेताबरोबर पेटीतही जाते. नववधूची ओढणी मात्र तिच्याकडे कुणी भरायला देत नाही. सगळी कादंबरी मला या एका तपशिलात सापडते.

रायगडच्या किनाऱ्यावर वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नाचं बोलावणं बंद, दुकानातलं सामान बंद, मयताला खांदा नाही. इथल्या वाचकाला हेस्टर परकी वाटणारच नाही.

तिचं बॉस्टन प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाचं. त्या वसाहतीत 1631 पासून मताचा हक्क चर्चच्या सभासदांनाच होता, म्हणून पाप आणि गुन्हा एकाच चौथऱ्यावर उभे राहत. हॉथॉर्नला हे घरातूनच ठाऊक होतं. त्याचा पूर्वज जॉन हॅथॉर्न 1692च्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायासनावर होता. उलट इथं, रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुरुड-जंजिऱ्यात, 1948 पर्यंत सिद्दी नवाबांची गादी होती. राजा मुसलमान आणि प्रजा बहुतांश हिंदू, त्यामुळे राज्य आणि उपासकांची सभा अशी एकजीव होणं तिथं शक्यच नव्हतं.

तरी खरा फरक मला कबुलीत दिसतो. बाराव्या प्रकरणात, मे महिन्यातल्या काळोख्या रात्री, हेस्टरला शिक्षा म्हणून उभं केलं होतं त्याच चौथऱ्यावर पाद्री डिम्सडेल एकटा चढतो आणि किंचाळतो. हेस्टर आणि छोटी पर्ल, त्या दोघांची मुलगी, येतात, तो पर्लचा हात धरतो. पोर विचारते, उद्या भरदुपारी असाच उभा राहशील का? तो नाही म्हणतो. चारचौघांत कबुली दिल्याशिवाय त्याच्या चर्चमध्ये सुटका नाही, आणि ती देण्याची छाती त्याच्यात नाही. हॉथॉर्न इथं त्याला दोष देत बसत नाही, नुसता त्याच्याजवळ थांबतो. हॉथॉर्नची थोरवी मला इथंच जाणवते.

रायगडातल्याच म्हसळ्याच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या वाचकाला हा पेच वेगळा दिसेल. इस्लाममध्ये तौबा, म्हणजे पश्चात्ताप, माणूस आणि अल्लाह यांच्यातली. तिला पाद्री लागत नाही, चौथराही नाही. व्यभिचाराच्या आरोपाला चार साक्षीदार हवेत आणि ते आणता आले नाहीत तर आरोप करणाऱ्यालाच फटक्यांची शिक्षा आहे. दुसऱ्याचं उणं झाकणं हे पुण्य मानलं आहे. त्या शिकवणुकीत डिम्सडेलला कदाचित श्वास घेता आला असता. हेस्टरला? तिचं मूलच तिची साक्ष होतं, आणि गाव, मग ते कुठल्याही धर्माचं असो, ग्रंथ उघडण्याआधी बाईकडे बोट दाखवतं.

बहिष्काराचं हत्यार मुसलमान समाजातही वापरलं गेलंच. मुंबई प्रांताने 1949 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 मध्ये रद्द ठरवला. पुढे वाळीत टाकल्याच्या तक्रारी गावागावांतून, विशेषतः रायगडातल्या गावकीविरुद्ध, येत राहिल्या. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016चा, अंमल 2017 पासून. आज हेस्टरला वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.