दीपगृहरक्षकाची मांजर : एका लोकप्रिय कथनाची चिकित्सा

बेटांवरील मूळ वन्यजीव आणि माणसाने तेथे नेलेले परकीय भक्षक यांच्या संघर्षाची चर्चा निघाली की एक कथा हमखास सांगितली जाते. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतील स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले. तेथील सहायक रक्षक डेव्हिड लायल यांच्यापुढे एक मांजर छोटे, उडता न येणारे पक्षी मारून आणू लागली. नमुने लंडनला पोहोचले. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड यांनी त्याच वर्षी त्या रेन पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला लायल यांचे नाव दिले. परंतु तोवर त्याच मांजरीने अखेरचा पक्षी संपविला होता. काही कथनांत तिला ‘टिबल्स’ असे नावही आहे.

कथा म्हणून ही रचना निर्दोष आहे. शोध लावणारी आणि नाश करणारी एकच, ही विडंबना वाचकाच्या मनात घर करते. वर्गात ती सांगण्याचा मोह प्रस्तुत लेखकालाही आवरलेला नाही. तथापि कथनाचा हा रेखीवपणाच संशयास्पद मानला पाहिजे.

रॉस गालब्रेथ आणि डेरेक ब्राउन यांनी २००४ मध्ये मूळ पत्रव्यवहार व नोंदी तपासून या कथेची छाननी केली. तीतून दिसते ते असे की, मांजर एकटी राहिली नव्हती. बेटावर रानमांजरींची संख्या वाढत गेली होती. १८९९ नंतर एका रक्षकाने शंभराहून अधिक मांजरी मारल्याची नोंद आहे. त्या पूर्णपणे नाहीशा होण्यास १९२५ साल उजाडले. शिवाय पक्ष्याचे नमुने विकणारे हेन्री ट्रॅव्हर्स आणि ते विकत घेणारे संग्राहक हेही या घटनाक्रमात आहेतच. लोकप्रिय कथनात मात्र ते केवळ ज्ञानाचे वाहक म्हणून वावरतात. दीपगृहासाठी आलेल्या वस्तीने बेटावरील जंगलही तोडले. सर्वांत महत्त्वाची बाब त्याहून जुनी आहे. या पक्ष्याचे अवशेष न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही सापडले आहेत. म्हणजे सुमारे दीड चौरस किलोमीटरचे हे बेट त्याचे मूळ घर नसून अखेरचा आसरा होता. मुख्य भूमीवरील त्याच्या नाशाचा संबंध पॉलिनेशियन वसाहतकारांसोबत आलेल्या उंदराशी जोडला जातो. त्या उंदराला कथेत स्थान नाही, कारण त्याला नाव नाही आणि मालकही नाही.

मांजर निर्दोष होती, असा याचा अर्थ नव्हे. आक्षेप आहे तो एकाच खलनायकावर भागविणाऱ्या कथनपद्धतीवर. तिचे पडसाद धोरणविषयक चर्चेतही उमटतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावरील शेवटचे मांजर २००० साली मारले गेले. त्यानंतर सशांची संख्या वाढून वनस्पतींची मोठी हानी झाली. डॅना बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचा संबंध मांजरींच्या निर्मूलनाशी जोडला. जॉन डाउडिंग आदींनी त्यास हरकत घेतली. सशांवर सोडलेल्या मिक्झोमा विषाणूचा प्रभाव ओसरणे हे कारण दुर्लक्षिले गेले, असे त्यांचे म्हणणे. प्रस्तुत लेखकास ही हरकत वजनदार वाटते. पण येथेही ‘मांजरी काढल्या, बेट बिघडले’ एवढेच वाक्य सर्वत्र फिरले. जुन्या कथेचा हा केवळ उलटा केलेला साचा होय.

प्रत्यक्षात मॅक्वारीवर पुढे ससे, उंदीर आणि घुशी या तिघांचे एकत्र निर्मूलन हाती घेण्यात आले. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले, उरलेले ससे शोधण्यासाठी प्रशिक्षित कुत्रे नेले गेले आणि २०१४ साली बेट या प्राण्यांपासून मुक्त झाल्याचे घोषित झाले. त्या विषाने अनेक समुद्रपक्षीही दगावले. हे मूल्य देणे योग्य होते, असे माझे मत आहे. मात्र यशोगाथा सांगताना ते मृत पक्षी पहिल्या परिच्छेदात यावयास हवेत, तळटीपेत नव्हे.