टुटू आणि कासोटा

नृत्याचा पोशाख हा नृत्यावर बाहेरून चढविलेला साज नसतो. देहाचा कोणता भाग अर्थवाही ठरावा, याचा निर्णय त्याने आधीच घेतलेला असतो. बॅलेतील टुटू या घेरदार पोशाखाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’मध्ये मारी तालिओनी पोटऱ्यांपर्यंतच्या शुभ्र, तलम घेरात उभी राहिली आणि नर्तिकेचा चवडा नजरेचा विषय झाला. पदन्यास अवघड होत गेला तसा घेर वर सरकला. १८८१ मध्ये दगाने चौदा वर्षांच्या नर्तिकेची मेणाची मूर्ती मांडली, तिला खऱ्या कापडाचा टुटू नेसविला. ती मुलगी गरीब घरातली होती. पुढे हाच घेर फॅशनच्या दुनियेत आणि लहान मुलींच्या वाढदिवसाच्या झग्यांत शिरला, तेव्हा ही गरिबी कापडातून पार धुऊन निघाली होती.

परभणीसारख्या जिल्ह्यात टुटूच्या जागी काय आहे, असे विचारले तर उत्तर शिवलेली नऊवारी हे द्यावे लागेल. सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतील नृत्यवर्ग, शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील स्पर्धा यांत लावणी म्हणजे नाडी-हुकांची ही तयार नऊवारी, असे समीकरण रूढ झाले आहे. २०१० च्या ‘नटरंग’ने ते पक्के केले. मात्र दोन पोशाखांची वाट एकच नाही. टुटू रंगमंचावर जन्मला आणि रस्त्यावर आला; नऊवारीचा प्रवास रानातून रंगमंचाकडे झाला. कापूस वेचताना, निंदताना, उकिडवे बसताना पाय मोकळे राहावेत म्हणून मराठवाड्यातील कष्टकरी बाई लुगड्याचा कासोटा घाली. फडावरच्या कलावंतिणीने आपल्यासाठी निराळा पोशाख शोधला नाही. हेच लुगडे तिने भरजरी केले, घट्ट चापून नेसले आणि पायांत घुंगरू बांधले. तिच्या ठेक्यात श्रमाची चाल उरली होती ती यामुळे. नऊवारी दैनंदिन जीवनातून ओसरल्यावर ती शिंप्याच्या हातून लग्नमंडपात परतली, तीही ‘पारंपरिक’ हे बिरुद लावून.

या परतीत जे गळाले त्याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी. नेसण्याची पद्धत ही एक भाषा होती. घोट्यापर्यंत उतरणारे ब्राह्मणी नेसण आणि पोटरी उघडी ठेवणारे कुणबिणीचे नेसण यांतून जात, श्रम, प्रदेश वाचता येत असत. शिवलेल्या नऊवारीत हा मजकूरच नाही. माप तेवढे आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात लावणी कलावंतिणींच्या लैंगिकतेवर वर्चस्वशाली वर्गांनी सांगितलेल्या हक्काची चिकित्सा केली. तिचाच पुढचा टप्पा इथे दिसतो: कोल्हाटी वा मातंग घरातील बाईने ज्या वस्त्रासाठी बदनामी सोसली, तेच वस्त्र आता बदनामीवाचून भाड्याने मिळते.

तरीही निव्वळ हळहळ अप्रामाणिक ठरेल. ज्या घरात तमाशाचे नाव काढणे निषिद्ध होते, त्या घरची मुलगी आईच्या देखत ठेका धरते, ही लहान गोष्ट नव्हे. पाच मिनिटांत अंगावर चढणाऱ्या त्या शिलाईने तिला ही मुभा दिली आहे. (शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःला लुगडे नेसता-नेसवता येते, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे.)

खरी हानी झाली आहे ती पदराची. बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसल्या जागी अदा करते. पदर सावरणे, ओढणे, दातांत धरणे, बोटांभोवती गुंडाळणे यांतून एकाच ओळीचे अनेक अर्थ उलगडतात. टुटूमध्ये अर्थ पायांकडे गेला. लावणीत तो पायांबरोबर पदरातही राहिला होता. तयार नऊवारीचा पदर टाचण्यांनी खांद्यावर आणि कमरेला पक्का केलेला असतो. नाचणारीचे हात मोकळे असतात, पण त्यांना धरायला काही नसते. म्हणून स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर उडत्या चालीच्या, गिरक्यांच्या लावण्या निवडल्या जातात आणि बैठकीची लावणी कार्यक्रमपत्रिकेत येतच नाही.